ट्युनिंग केलं की महिनाभर ॲव्हरेज, मग पुन्हा घसरण: कार्बोरेटरवाल्या मारुती ८००ची तपासणी कुठून सुरू करावी

तक्रार ठरलेली असते. गाडी मिस्त्रीकडे जाते, कार्बोरेटर उघडून साफ होतो, प्लग बदलतात, स्क्रू फिरवून ट्युनिंग होतं. पुढचे तीन-चार आठवडे गाडी लिटरला सोळा-सतरा देते. मग चौदा, मग तेरा, आणि नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की अकरा. परत तोच मिस्त्री, परत तोच कार्बोरेटर.

यात मिस्त्रीचा हात वाईट असतो असं नाही. तपासणीचा क्रम उलटा असतो. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फक्त आयडलिंगच्या वेळचं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाचं, पेट्रोल कमी-जास्त करतो. गाडी पन्नासच्या वेगाने धावते तेव्हा पेट्रोल मेन जेटमधून (कार्बोरेटरमधला बारीक छिद्राचा पितळी तुकडा) येतं, तिथे त्या स्क्रूचा प्रभाव जवळजवळ उरत नाही. मग महिनाभर फरक का पडतो? कारण त्याच सर्व्हिसिंगमध्ये टायरची हवा बघितली जाते, एअर फिल्टर झटकला जातो, ब्रेक उघडून पुसले जातात, सीबी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगीची वेळ ठरवणारे कॉन्टॅक्ट) गॅप जमवला जातो. श्रेय स्क्रूला मिळतं, काम या बाकीच्या गोष्टींनी केलेलं असतं. त्या पुन्हा बिघडल्या की ॲव्हरेजही गेलं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी घसरण कशी होते ते आठवा. दर आठवड्याला थोडी थोडी होत असेल तर संशय सीबी पॉइंट आणि ब्रेकवर. फक्त एप्रिल ते जूनमध्ये होत असेल तर कार्बोरेटर तापतोय. डिसेंबर-जानेवारीत जास्त जाणवत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. एकदम, एका टाकीत पडलं असेल तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा), फ्लोटची नीडल (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी सुई) किंवा गळती.

खाली जे लिहिलंय ते ७९६ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या, कार्बोरेटरवाल्या एफ८बी इंजिनासाठी आहे. ओम्नीच्या कार्बोरेटरवाल्या इंजिनालाही बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी मोजणी खरी आहे का

टाकी फुल ते टाकी फुल, एकाच पंपावर, शक्यतो सकाळी, नोझल पहिल्यांदा आपोआप थांबेल तिथेच थांबायचं. मध्ये किमान ३०० किलोमीटर झाले पाहिजेत. पाच लिटर टाकून काटा बघून काढलेल्या ॲव्हरेजला अर्थ नाही, कारण या गाडीचा काटा चढावर एक सांगतो आणि सपाटीवर दुसरंच.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: टायर. ८००चा मूळ टायर १४५/७० आर१२. तो सहज मिळाला नाही की अल्टोचा १४५/८० आर१२ बसवला जातो, रिंग तीच असल्याने बसतोही. पण पहिल्याचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ५३७. चाक मोठं झालं की खरे १०० किलोमीटर मीटरवर ९४-९५ दिसतात. म्हणजे गाडी खरी १८ देत असली तरी हिशोबात १७ येतात, आणि एक किलोमीटरसाठी निष्कारण कार्बोरेटर उघडला जातो. नागपुरात वर्धा रोडवर बुटीबोरीकडे जाताना मोबाईलच्या जीपीएसवर १० किलोमीटर मोजा, मीटर किती दाखवतो ते लिहून ठेवा, आणि पुढचा प्रत्येक हिशोब त्या फरकाने दुरुस्त करा.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. दर पाच-सहा अंशांना टायरमध्ये साधारण १ पीएसआयचा (हवेच्या दाबाचं एकक) फरक पडतो. मे महिन्यात पहाटेच्या ३० अंशांत आणि दुपारच्या ४५ अंशांत नुसत्या हवेमुळे अडीच-तीन पीएसआयचा फरक होतो, आणि तापलेल्या सिमेंट रोडवर चाललेल्या टायरचा त्याहून जास्त. दुपारी आकडा बरोबर भरून घेतलेली गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे कमी हवेवर निघते. गाडीसोबतच्या पुस्तकात किंवा दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापेक्षा २ पीएसआय जास्त चालेल. त्याहून वर नेलं तर टायरचा मधला पट्टा झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते.

गाडी मोकळी सरकते का

सगळ्यात जास्त पेट्रोल इथे वाया जातं आणि सगळ्यात कमी वेळ इथे दिला जातो. सपाट सिमेंट रोडवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडून गाडी ढकलून बघा. जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी आहे. एका माणसाने खांबाला हात लावून सरकवली पाहिजे आणि हात काढल्यावर ती थोडी पुढे जात राहिली पाहिजे. हात काढताच थांबत असेल तर इंजिनाकडे बघायचं कामच नाही अजून.

कुठलं चाक धरतंय ते शोधायला पाच-सहा किलोमीटर चालवा, शेवटचा अर्धा किलोमीटर ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी थांबवा आणि चारही रिंगांच्या मध्यभागी हाताची पाठ जवळ नेऊन बघा. थेट टेकवू नका, भाजतं. डाव्या-उजव्यात स्पष्ट फरक वाटला की तेच चाक. तापमान मोजायची इन्फ्रारेड बंदूक असेल तर दोन्ही बाजूंत १५-२० अंशांचा फरक पुरेसा पुरावा आहे.

पुढचं चाक असेल तर जॅकवर उचला, जॅकखेरीज स्टँड लावा, कुणाला तरी ब्रेक दोनदा दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. घट्ट असेल तर कॅलिपरचा ब्लीडर निपल पाव फेरा ढिला करा. थोडं ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं तर दाब मागे अडकतोय. दोनच शक्यता: रबरी ब्रेक होज आतून फुगून बंद झालाय, किंवा मास्टर सिलिंडरची पुशरॉड जरा जास्त लांब सेट झाल्याने ऑइल परत जायचं छिद्र उघडत नाही. एकच चाक धरत असेल तर होज, दोन्ही बाजू धरत असतील तर मास्टर सिलिंडर. आणि निपल उघडूनही चाक मोकळं झालं नाही तर कॅलिपरचा पिस्टन किंवा सरकपिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना) गंजल्यात.

सरकपिनांचंच प्रकरण दर महिन्याला परत येतं, त्याचं कारण ग्रीस. पिना पुसून त्यावर बेअरिंगचं किंवा चेसिसचं साधं ग्रीस लावलं जातं. खनिज तेलाच्या ग्रीसमुळे पिनेचं रबरी बूट फुगतं, पीन त्यात आवळली जाते, आणि तीन-चार आठवड्यांत पॅड पुन्हा डिस्कला घासायला लागतो. इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लागतं, तेही पातळ थरात. बूट फुगलेली असतील तर ग्रीस बदलून उपयोग नाही, बूटही नवीन घाला. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका, पीन बदला.

मागच्या चाकात ड्रम असतो. तिथे हँडब्रेकची केबल नळीत गंजून परत येत नाही, हा पावसाळ्यानंतरचा नेहमीचा दोष. हँडब्रेक खाली केल्यावर ड्रममागचा लिव्हर पूर्ण मागे येतो का ते गाडीखाली डोकावून बघा. न आल्यास केबल बदलायची. तिच्यात तेल ओतलं तर चार दिवस चालते आणि पुन्हा अडकते.

एवढं मोकळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट. टायरच्या कडेवरून हात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो (पुढची चाकं एकमेकांना समांतर असण्याचं माप) बिघडलेला आहे, आणि गाडी चारही प्रहर तिरकी घासत चालली आहे.

नागपुरी सवय: थर्मोस्टॅट काढून टाकणं

इथल्या उन्हाळ्यात गाडी तापली की पहिला सल्ला मिळतो, ‘थर्मोस्टॅट काढून टाका, डायरेक्ट करा.’ जोडीला रेडिएटरचा फॅनही इग्निशनवर डायरेक्ट होतो. गाडी तापायची थांबते, पण त्यानंतर तिचं ॲव्हरेज कधीच पूर्वीसारखं येत नाही.

थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो. तोवर पाणी इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तो नसला की थंड रेडिएटरमधलं पाणी पहिल्या मिनिटापासून इंजिनात येत राहतं. थंड सिलिंडरमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते भिंतींवर ओघळतं, तेलात मिसळतं. चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. तेल जाड राहतं म्हणून घर्षण वाढतं. धरमपेठ ते सीताबर्डीसारख्या तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तर इंजिन गरम होण्याआधीच बंद होतं. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की याची किंमत सरळ दिसते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. सकाळी थंड इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा वरचा होज हातात धरून ठेवा. काही मिनिटं तो थंडच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. नवा आणला की बसवण्याआधी भांड्यात पाणी घेऊन त्यात दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि गॅसवर चढवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडताना दिसला पाहिजे. नवे थर्मोस्टॅटही कधीकधी सदोष निघतात, आणि तो बसवून झाल्यावर कळलं तर पुन्हा सगळं कूलंट काढावं लागतं.

अर्थात ज्या कारणाने तो काढला होता ते कारण जागेवरच असतं. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो. आधी रेडिएटर उघडून साफ करून घ्या, झाकणाचं रबर आणि स्प्रिंग बघा, फॅनचा थर्मोस्विच बदला आणि फॅन पुन्हा त्याच्यावर आणा. मग थर्मोस्टॅट बसवा आणि कूलंट-डिस्टिल्ड वॉटर पुस्तकातल्या प्रमाणात भरा. या क्रमाने केलं तर ४६ अंशांतही गाडी तापत नाही. रेडिएटर न साधता नुसता थर्मोस्टॅट बसवला तर ती पहिल्याच सिग्नलला तापेल आणि बोल थर्मोस्टॅटला लागेल.

टॅपेट, पॉइंट आणि जिभेची परीक्षा

टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) गॅप थंड इंजिनावर ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्हीला. ०.१५ ची फिलर गेज किंचित अडखळत सरकली पाहिजे. थंड म्हणजे रात्रभर उभं असलेलं इंजिन. दुपारी उन्हात उभी असलेली गाडी बंद असली तरी थंड नसते. टॅपेटचा आवाज येतो म्हणून ते घट्ट करून घ्यायची अनेकांना घाई असते, पण घट्ट टॅपेट जास्त वाईट. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हलकी टिकटिक तब्येतीची खूण आहे.

सीबी पॉइंटवाल्या जुन्या गाड्यांत दर महिन्याच्या घसरणीचं खरं उत्तर पुष्कळदा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालीच सापडतं. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासत असते. कॅमवर ग्रीसचा बारीक थेंब नसेल तर टाच भरभर झिजते, ०.४ ते ०.५ मिलिमीटरचा गॅप कमी होत जातो, आणि गॅप कमी झाला की टायमिंग मागे पडतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला जाणवत नाही. तो फक्त रेस थोडी जास्त दाबायला लागतो. म्हणून काम या क्रमानेच: आधी गॅप, मग टायमिंग, मग आयडलिंगचा वेग, शेवटी मिश्रण. टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला तर टायमिंग पुन्हा हललं. कॅमला लावायचं ग्रीस काडीपेटीच्या काडीच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर ते उडून पॉइंटवर बसतं आणि मिसिंग (मध्येच ठिणगी चुकणं) सुरू होतं.

आता व्हॅक्यूम ॲडव्हान्स. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला जो चपटा डबा असतो त्यात रबरी डायफ्रॅम आहे. हलक्या रेसवर, एकसारख्या वेगाने चालताना तो ठिणगी लवकर पाडतो आणि तिथेच पेट्रोल वाचतं. डायफ्रॅम फाटला तर गाडी सुरू होते, पिकअपही बरा वाटतो, पण हायवेचं ॲव्हरेज पडतं आणि कारण सापडत नाही. झाकण काढा, डब्याच्या बारीक नळीचं कार्बोरेटरकडचं टोक काढून पुसा, तोंडात धरून ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट किंचित फिरलेली दिसली पाहिजे, आणि नळी जिभेला दहा सेकंद तरी चिकटून राहिली पाहिजे. हवा येतच राहिली तर डबा गेला. झाकण उघडंच आहे तर रोटरही बोटांनी तो ज्या दिशेला फिरतो त्या दिशेला थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने परत आला पाहिजे. तिथेच अडकला तर खालची वजनं गंजली आहेत.

प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. प्लगचा रंग बघायचा तर दहा किलोमीटर साठच्या वेगाने चालवा, बाजूला घेऊन आयडलिंग न करता लगेच बंद करा आणि गार झाल्यावर प्लग काढा. फिकट तपकिरी चांगला. मखमलीसारखी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण जाड, त्यात पेट्रोल जास्त. तीनपैकी एकाच प्लगवर काजळी असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका, त्या सिलिंडरची एचटी वायर (प्लगला ठिणगी पोचवणारी जाड वायर), टॅपेट आणि कॉम्प्रेशन बघा. एक कार्बोरेटर तिन्हींना सारखंच पेट्रोल देतो. कॉम्प्रेशन तिन्हींत १ किलोपेक्षा जास्त फरकाने येत असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. तिथे ट्युनिंगचा विषय संपतो.

आता कार्बोरेटर

सुरुवात उघडण्यापासून नाही, बघण्यापासून. चोकची घुंडी पूर्ण आत ढकला, एअर क्लीनर काढा आणि चोकची पाकळी एकदम उभी झाली का ते बघा. केबलचा क्लॅम्प सरकला असेल तर घुंडी आत जाऊनही पाकळी थोडी आडवी राहते, म्हणजे गाडी दिवसभर अर्ध्या चोकवर चालते. मग फ्लोट चेंबरच्या काचेच्या खिडकीवर टॉर्च मारा. इंजिन आयडलिंगला असताना पेट्रोलची पातळी गोल खुणेत असली पाहिजे. वर असेल तर नीडल बसत नाहीये किंवा फ्लोटची पट्टी वाकलीये. नीडलच्या टोकाला नखाने चाचपा. टोकाभोवती कडी उमटलेली जाणवली तर नीडल आणि तिची सीट दोन्ही बदला. एकच बदलली तर महिन्याभरात पातळी पुन्हा वर जाते.

इंजिन ऑइलची डिपस्टिकही बघा. तेल न भरता पातळी वाढली असेल आणि वास पेट्रोलचा येत असेल तर पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटून पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतंय. गाडी लगेच थांबवा, पंप आणि तेल दोन्ही बदला, कारण पातळ झालेलं तेल बेअरिंग खातं.

जेट साफ करताना तार घालायची नाही. जेट पितळेचा असतो, लोखंडी तार त्याला ओरखडते. १ मिलिमीटरचं छिद्र १.०५ झालं की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढतं. चार वेळा तार फिरलेला जेट हाच कित्येक गाड्यांच्या कायमच्या दुखण्याचा उगम असतो, आणि दर सर्व्हिसिंगला तो थोडा आणखी मोठा होतो. क्लीनरमध्ये भिजवायचा आणि उलट बाजूने हवा मारायची. तार फिरलेल्या जेटला दुरुस्ती नाही, त्याच नंबरचा नवा घाला.

मिश्रण पातळ आहे की जाड हे रस्त्यावर ठरवता येतं. गरम इंजिन, सपाट रस्ता, टॉप गियरमध्ये एकसारखा ५०चा वेग. चोक पाव भाग ओढा. गाडीने जोर धरला तर मिश्रण पातळ होतं. लगेच गुदमरली तर आधीच पुरेसं किंवा जास्त जाड आहे. पीयूसीच्या कागदावरचा आकडाही फेकू नका. भारत स्टेज-२ च्या आधीच्या गाड्यांना सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ३ टक्के आहे, पण पास झालं म्हणजे ट्युनिंग बरोबर असं नाही. २.८ वर पास झालेली गाडी पेट्रोल पितेच आहे, दीडच्या खाली आणा. सीओ कमी आणि हायड्रोकार्बनचा पीपीएम आकडा जास्त असेल तर ते मिसिंग आहे, स्क्रूने सुटणार नाही.

मे महिन्यातली उकळी

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये एक जाड, कडक, तपकिरी इन्सुलेटर असतो. तो तडकला की त्याच्या जागी दोन कागदी पॅकिंग घालून काम भागवलं जातं. मग मॅनिफोल्डची उष्णता सरळ कार्बोरेटरमध्ये चढते. दुपारी दहा मिनिटं गाडी उभी केली की चेंबरमधलं पेट्रोल उकळतं, नोझलमधून थेंब थेंब इंजिनात पडतं, आणि सुरू करताना लांब स्टार्टर मारून काळा धूर निघतो. प्रत्येक थांब्याला हे घडतं. दिवसाला आठ-दहा थांबे असणाऱ्याचं ॲव्हरेज उन्हाळ्यातच का पडतं ते यातून समजतं. खात्री करायची असेल तर गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी टॉर्चने खिडकीत बघा. बुडबुडे दिसतील, किंवा पातळी खुणेच्या खाली गेलेली असेल.

उपाय: मूळ जाडीचा इन्सुलेटर, दोन्ही बाजूंना नवीन पॅकिंग. पेट्रोलची नळी ब्लॉकला आणि एक्झॉस्टला टेकत असेल तर क्लिपने दूर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा पत्रा हरवला असेल तर तो बसवा, बहुतेक गाड्यांत तो कधीतरी काढून ठेवलेला असतो. एअर क्लीनरच्या तोंडाशी उन्हाळा-हिवाळ्याची पट्टी असेल तर ती उन्हाळ्याकडे आहे का बघा. हिवाळ्याकडे राहिली तर गाडी एक्झॉस्टजवळची तापलेली हवा ओढत राहते. पंपावर ओलं फडकं गुंडाळणं हा घरी पोचण्यापुरता तोडगा आहे.

ई-२० बद्दल

पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे आणि हा कार्बोरेटर शुद्ध पेट्रोलसाठी बनलेला आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून ६-७ टक्के ॲव्हरेज कुठलीही चूक नसतानाही जाणार. १६ ची गाडी १५ वर आली तर ते इंधनाचं आहे, ११ वर आली तर नाही. हा फरक मनाशी पक्का असला की मिस्त्रीशी बोलणं सोपं होतं.

दुसरा परिणाम उलट बाजूने येतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला साधारण साडेतेरा. जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ पडतं, गाडी हलक्या रेसवर हिसके देते आणि चालवणारा रेस जास्त दाबतो. वरची चोकची परीक्षा स्पष्ट ‘पातळ’ सांगत असेल तरच मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा घ्या, तोही तयार जेट, ड्रिल मारलेला नको. मोठा जेट टाकायच्या आधी मॅनिफोल्डची हवागळती नाही ना हे तपासायलाच हवं, कारण गळतीचं लक्षणही हेच असतं.

जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ होतात, आतून सालपटं सुटतात आणि ती थेट नीडलवर बसतात. नळीवर एसएई जे३० आर९ छापलेलं असेल तर ती आतून इथेनॉल सोसणाऱ्या रबराची आहे. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी रबरी जोडणी एकदाच बदलून टाका, फिल्टरही, आणि महिन्याभराने फिल्टर पुन्हा बदला, कारण जुनी घाण तोवर सुटून आलेली असते. पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं.

बदल करायचेच असतील तर

इंधनाच्या नळीवर लावायचे चुंबक, हायड्रोजनच्या बाटल्या, टाकीत टाकायच्या गोळ्या यांवर एक रुपयाही घालू नका. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं मात्र खरोखर फायद्याचं आहे, कारण टाच झिजण्याचा सगळा विषयच संपतो आणि लावलेलं टायमिंग लावल्यासारखं राहतं. छतावरचं कॅरियर वापरात नसेल तर काढा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ६० ऐवजी ९० ला तो सव्वादोन पट होतो. समृद्धीवर १२० ची मुभा असली तरी ही गाडी ७०च्या आत ठेवली तरच ॲव्हरेज दिसेल.

आणि सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे डॅशबोर्डवर व्हॅक्यूम गेज, इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारा काटा. इनटेक मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमला टी जोडून ४ मिलिमीटरची नळी आत घ्यायची, बोनेटच्या भिंतीतून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायचा म्हणजे पत्र्याने कापली जाणार नाही. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत त्याच्या नळीला हात लावायचा नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा गेज साधारण एक इंच कमी दाखवेल. निरोगी इंजिन आयडलिंगला १६ ते २० इंचांवर स्थिर राहतं. काटा ठरावीक अंतराने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह, स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे किंवा हवागळती, सावकाश वर-खाली तरंगत असेल तर मिश्रण. चालवताना काटा १२ च्या वर राहील एवढीच रेस द्या. सगळं ठीक असताना आयडलिंगला काटा कुठे थांबतो तिथे काचेवर मार्करने बारीक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी ॲव्हरेज पडायच्या आधीच काटा त्या रेघेच्या खाली आलेला दिसेल.